रक्ताच्या पिशवीमागची कमिटी: त्या टेबलाभोवती कोण बसायला हवं?

"अर्जंट! ओ निगेटिव्ह रक्त हवं आहे. जास्तीत जास्त शेअर करा." असा मेसेज गेल्या महिन्याभरात तुमच्या एखाद्या ग्रुपवर आला असणारच. खाली हॉस्पिटलचं नाव, एक मोबाइल नंबर, आणि तारखेचा पत्ता नाही. आपण तो पुढे ढकलतो. कोणीतरी भला माणूस जाऊन रक्त देतो. आपल्यापुरता विषय तिथे संपतो.

हॉस्पिटलच्या आत मात्र तो तिथे सुरू होतो. ती पिशवी खरंच लागणार होती का? एक पुरली असती तिथे चार मागवल्या का? ज्याच्यासाठी आणली त्यालाच ती लागली का? आणि चुकून शेजारच्या कॉटवर लागली असती, तर ते कोणाला कळलं असतं? हे सगळं विचारायचं काम एका कमिटीचं असतं. तिचं नाव हॉस्पिटल ट्रान्सफ्युजन कमिटी, सरकारी मराठीत रक्त संक्रमण समिती. (संक्रमण म्हटलं की आपल्याला आधी संसर्ग आठवतो. इथे अर्थ फक्त रक्त चढवणं एवढाच आहे. हा शब्द ज्यांनी निवडला त्यांनी जरा दमानं घ्यायला हवं होतं.)

मी डॉक्टर नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि गेली पाच वर्षं हॉस्पिटलांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. त्यातूनच एका मोठ्या हॉस्पिटलच्या या कमिटीच्या मीटिंगांना 'निमंत्रित' म्हणून बसायला मिळालं. पहिल्यांदा बोलावलं तेही एक रिपोर्ट नीट प्रिंट होत नव्हता म्हणून. टेबलाभोवती आठ माणसं होती. सात डॉक्टर, एक प्रशासनाचे साहेब. चर्चा चांगली झाली, चहाही चांगला होता. पण रक्ताची पिशवी स्वतःच्या हाताने स्टँडला लावणारं त्या खोलीत कोणीच नव्हतं. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे: या कमिटीवर नेमकं कोण असायला हवं?

आधी, ही कमिटी करते काय

थोडा मागचा संदर्भ. आपल्याकडे एके काळी पैसे घेऊन रक्त विकणारे 'व्यावसायिक रक्तदाते' सर्रास असत. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने जानेवारी १९९६ मध्ये निकाल दिला, त्यातून राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर रक्त संक्रमण परिषदा आल्या आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. म्हणजे रक्त येतं कुठून, याची शिस्त लागली. ते आल्यावर हॉस्पिटलमध्ये कसं वापरलं जातं, हा दुसरा अर्धा भाग होता. २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात त्यासाठी स्पष्ट लिहिलंय की हॉस्पिटलांनी ट्रान्सफ्युजन कमिटी नेमावी आणि तिने रक्ताच्या वापराला दिशा द्यावी, त्यावर लक्ष ठेवावं, त्याचं ऑडिट करावं.

ऑडिट म्हणजे काय, ते एका आकड्यावरून कळेल. ऑपरेशनच्या आधी सर्जन रक्त राखून ठेवायला सांगतात. ब्लड सेंटर त्या पेशंटच्या नमुन्याशी पिशव्या जुळवून बघतं, याला क्रॉसमॅच म्हणतात. जुळलेल्या पिशव्या त्या पेशंटच्या नावाने बाजूला ठेवल्या जातात. आता चार जुळवल्या आणि वापरली एकच, तर उरलेल्या तीन पिशव्या दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये कोणाच्या तरी नावाने अडकून पडल्या. जुळवलेल्या पिशव्या भागिले वापरलेल्या पिशव्या, हे गुणोत्तर दोन-अडीचच्या वर जाऊ नये, असं साधारण मानतात. ते चारवर गेलं की समजायचं, इथे कोणीतरी 'असू दे, लागलं तर' म्हणून रक्त अडवून ठेवतंय. आणि त्याच दिवशी त्याच फ्रिजच्या बाहेर एखादा नातेवाईक तुम्हाला-मला मेसेज पाठवत असतो. तुटवडा दर वेळी रक्ताचाच असतो असं नाही.

दुसरं काम: रक्ताची गरज होती का ते बघणं. "एक बाटली चढवून टाका डॉक्टर, जरा ताकद येईल" हे वाक्य तुम्ही घरात ऐकलं असेल. बाटल्या जाऊन पिशव्या आल्या त्याला जमाना झाला, पण समज तसाच राहिला. कॅनडात १९९९ मध्ये अतिदक्षता विभागातल्या ८३८ पेशंटवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला हिमोग्लोबिन १० च्या खाली आलं की रक्त दिलं, दुसऱ्या गटाला ७ च्या खाली आलं तरच. कमी रक्त मिळालेल्या गटाचं काही वाईट झालं नाही. तेव्हापासून स्थिर असलेल्या बहुतेक पेशंटसाठी ७ हा आकडा जगभर धरला जातो. हृदयविकार असेल, रक्तस्राव चालू असेल तर गणित बदलतं, आणि ते डॉक्टरच ठरवणार. पण ९ हिमोग्लोबिनवर 'ताकदीसाठी' दिलेल्या पिशवीबद्दल कोणीतरी महिन्याच्या शेवटी विचारायला हवं, आणि विचारणारी हीच कमिटी.

तिसरं आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे चुका आणि रिअ‍ॅक्शन. त्यासाठी एका पिशवीच्या मागे मागे जाऊ.

एक पिशवी, किती हात

वॉर्डात डॉक्टर ठरवतात: रक्त द्यायचं. फॉर्म बहुतेक वेळा इंटर्न नाहीतर ज्युनिअर रेसिडेंट भरतो. सिस्टर किंवा तोच इंटर्न पेशंटचा नमुना घेतो, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये (लॅबमध्ये तिला 'बल्ब' म्हणतात). त्यावर लेबल लागतं. वॉर्डबॉय, म्हणजे आपल्याकडचे 'मामा', ती ट्यूब ब्लड सेंटरला नेतात. तिथे टेक्निशियन ब्लड ग्रुप तपासतो, क्रॉसमॅच करतो, नोंद करतो. मामा पिशवी घेऊन परत येतात. वॉर्डात दोन जणांनी मिळून पिशवीवरचं नाव, नंबर, ग्रुप पेशंटशी ताडून बघायचं असतं. मग सिस्टर पिशवी लावते आणि पहिली १५ मिनिटं पेशंटवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवते, कारण मोठी रिअ‍ॅक्शन यायची तर बऱ्याचदा सुरुवातीलाच येते.

मोजा. पाच-सहा माणसं झाली आणि प्रत्येक ठिकाणी चुकायला जागा आहे. चुकीच्या ग्रुपचं रक्त गेलं तर शरीरातली प्रतिद्रव्यं त्या पेशी रक्तवाहिनीतच फोडायला लागतात. किडनी बंद पडू शकते, माणूस जाऊ शकतो. त्यासाठी अख्खी पिशवी जायची गरज नसते.

यातला धोका प्रयोगशाळेत जास्त असेल असं मलाही वाटायचं. तसं नाही. ब्रिटनमध्ये 'शॉट' नावाची यंत्रणा १९९६ पासून रक्त चढवताना झालेल्या गंभीर घटनांची नोंद ठेवते. त्यांच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत ८०% हून जास्त घटनांच्या मुळाशी माणसाकडून झालेली चूक असते. आणि थोडक्यात टळलेल्या घटनांचा मोठा हिस्सा 'ट्यूब बरोबर, लेबल बरोबर, पण आतलं रक्त दुसऱ्याच पेशंटचं' या प्रकारचा असतो. म्हणजे नमुना घेतानाच गडबड. टेक्निशियनने कितीही मन लावून काम केलं तरी त्याला ती दिसणार नाही, कारण त्याच्यासमोर आलेली ट्यूब वरून अगदी व्यवस्थित असते. पेशंट पहिल्यांदाच आलेला असेल तर वेगळ्या वेळी घेतलेला दुसरा नमुना मागायचा आणि दोन्हींचा ग्रुप जुळतो का बघायचं, हा नियम त्यातूनच आला. ओटीपी दोनदा मागावा तसा तो वॉर्डातल्या लोकांना कटकटीचा वाटतो. पण ट्यूब बदलली असेल तर ती पकडायची हीच संधी असते.

हे सगळं वाचल्यावर परत त्या टेबलाकडे बघा. चुका वॉर्डात, कॉटच्या शेजारी, रात्रपाळीत होतात. आणि मीटिंगला बसलेले बहुतेक लोक तिथे नसतात.

डॉक्टर कोणते, आणि खुर्ची कोणाची

डॉक्टर अर्थातच हवेत. यात फार वाद नाही. जे विभाग रक्त जास्त वापरतात त्यांचा एकेक माणूस: सर्जरी, मेडिसिन, बालरोग, अतिदक्षता. भूलतज्ज्ञ हवेतच, कारण ऑपरेशन चालू असताना रक्त सुरू करायचा निर्णय बहुतेक वेळा त्यांचा असतो. आणि स्त्रीरोग विभाग. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशात मातामृत्यूचं एक मोठं कारण आहे. तिथे दहा मिनिटांत चार पिशव्या लागतात, फॉर्म भरत बसायला वेळ नसतो. अशा वेळी फोनवर कोणता शब्द वापरला की ब्लड सेंटरने कागदपत्रांची वाट न बघता पिशव्या सोडायच्या, हे आधी ठरलेलं हवं. ते ठरवणार ही कमिटी, आणि लेबर रूमचा माणूस खोलीत नसेल तर ते कागदावरच राहणार.

ब्लड सेंटरचे डॉक्टर तर कमिटीचा कणा. (२०२० पासून कायद्यात 'ब्लड बँक' हा शब्द जाऊन 'ब्लड सेंटर' आला, लोक अजून रक्तपेढीच म्हणतात.) पण अध्यक्ष त्यांनी व्हावं का? ब्रिटनमध्ये या कमिट्या १९९८ च्या एका सरकारी परिपत्रकानंतर हॉस्पिटलांमध्ये सगळीकडे रुजल्या. तिथे पडलेली पद्धत अशी की अध्यक्ष रक्ताची जाण असलेला ज्येष्ठ डॉक्टर असावा, पण शक्यतो ब्लड सेंटर चालवणारा नसावा. मला हे एकदम पटतं. आमच्याकडेही स्वतः लिहिलेला कोड स्वतःच तपासून पास करायची परवानगी नसते. शिवाय रक्ताचा अपव्यय करणाऱ्या सर्जनला ब्लड सेंटरच्या डॉक्टरने काही सांगितलं, की "तुम्हाला ओटीतलं काय कळतं" हे उत्तर तयार असतं. तेच दुसऱ्या ज्येष्ठ सर्जनने किंवा भूलतज्ज्ञाने विचारलं की सूर बदलतो. हा माणसांच्या स्वभावाचा भाग आहे, नियमांत कुठे लिहिलेला नसतो.

ब्लड सेंटरमधून मात्र डॉक्टरांसोबत एक टेक्निशियनही यायला हवा. तो का, याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक वेगळाच रक्तगट नोंदवला. आज जगभर तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. या लोकांचं रक्त नेहमीच्या पहिल्या चाचणीत 'ओ' दिसतं. पण त्यांच्या लाल पेशींवर 'एच' नावाचा मूळ घटकच नसतो, त्यामुळे त्यांना ओ ग्रुपचं रक्तसुद्धा चालत नाही. त्यांना फक्त दुसऱ्या बॉम्बे ग्रुपवाल्याचंच रक्त लागतं. हे कळतं ते पेशींच्या चाचणीसोबत सीरमची उलट चाचणी केली तर, आणि क्रॉसमॅचला घाई केली नाही तर. "हा ओ नेहमीच्या ओसारखा वागत नाहीये" असं रात्री तीनला म्हणणारा माणूस टेक्निशियन असतो. तो एकटा किती नमुने हाताळतोय, रात्री त्याच्या जोडीला कोण आहे, वॉर्डातून "झालं का" म्हणून किती फोन येतात, हे त्याच्याशिवाय कोण सांगणार?

सिस्टर आणि मामा

माझ्या मते या कमिटीतली सगळ्यात महत्त्वाची खुर्ची नर्सची आहे. आणि नुसती मेट्रनची नाही. मेट्रन मॅडम हव्यातच, कारण ड्युट्या त्या लावतात. पण सोबत वॉर्डात प्रत्यक्ष काम करणारी एक इन्चार्ज सिस्टर हवी, आणि तिला मीटिंगच्या वेळेत वॉर्डातून सोडलं पाहिजे. नाहीतर नाव यादीत असतं आणि माणूस सलाइन बदलत असतो.

ज्या मीटिंगचं सांगितलं, तिच्या पुढच्या वेळी एका सिस्टरला बोलावलं होतं. विषय होता: काही पिशव्या वेळेत सुरू झाल्या नाहीत म्हणून फेकाव्या लागल्या. लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंशांत ठेवतात. एकदा फ्रिजबाहेर आली की नेहमीचा नियम असा, की ३० मिनिटांच्या आत परत आली तरच ती पुन्हा साठ्यात घेता येते, आणि बाहेर काढल्यापासून ४ तासांत ती देऊन संपवायची असते. डॉक्टरांचा अंदाज होता की वॉर्ड निष्काळजी आहे. ट्रेनिंग घेऊ या, पोस्टर लावू या, असं चाललं होतं. सिस्टर म्हणाल्या, "सर, पिशवी येते दुपारी दीड-दोनला. तेव्हा आमची ड्युटी बदलते. मामा पिशवी काउंटरवर ठेवतात, जाणारी सिस्टर म्हणते येणारी लावेल, येणारी ओव्हर घेत असते." खोलीत शांतता. पोस्टरचा विषय तिथेच संपला. ड्युटी बदलायच्या अर्ध्या तासात, तातडी नसेल तर, पिशवी सोडायचीच नाही असं ठरलं. फुकटचा उपाय होता.

मामांनी कमिटीचं सभासद व्हावं का, यावर मी थोडी डळमळीत आहे. दर मीटिंगला त्यांना बसवून इंग्रजी आकडे ऐकवण्यात अर्थ नाही. पण वर्षातून एकदा-दोनदा त्यांना बोलावून "पिशवी आणताना वाटेत काय काय होतं" एवढं विचारायला काय हरकत आहे? प्लेटलेट्सची पिशवी २० ते २४ अंशांत हलती ठेवायची असते, फ्रिजमध्ये घालायची नसते. लाल पेशींचं नेमकं उलट. दोन्ही एकाच बर्फाच्या डब्यातून आणायच्या नाहीत, हे मामांना कोणी कधी सांगितलंय का, हेही तेव्हाच कळेल.

माहेरचं नाव, सासरचं नाव

आता माझ्या क्षेत्राकडे येते. रेकॉर्ड विभागाचा माणूस आणि हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस, हे दोघं कमिटीत असावेत असं माझं ठाम मत आहे. कारण आज बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत रक्ताची मागणी, लेबल, ग्रुपची नोंद, सगळं स्क्रीनवरून होतं, आणि स्क्रीन चुकीची बांधली असेल तर चांगला माणूसही चुकतो.

एक खास आपल्याकडचा प्रश्न सांगते. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. तिचं आधार कार्ड कधी सासरच्या नावाने, कधी अजून माहेरच्याच. सासरी झालेल्या तपासण्यांच्या फाइलवर सासरचं नाव, नवऱ्याचं मधलं नाव. माहेरच्या गावातल्या हॉस्पिटलात वडील तिला घेऊन येतात आणि काउंटरवर सवयीने सांगतात ते लहानपणीचं नाव, वडिलांचं मधलं नाव. झालं, कॉम्प्युटरमध्ये एकाच बाईचे दोन पेशंट तयार. एकाच्या खात्यावर ब्लड ग्रुप आणि मागच्या रिअ‍ॅक्शनची नोंद, दुसऱ्याचं खातं कोरं. ज्या रात्री रक्तस्राव सुरू होईल त्या रात्री सिस्टरच्या समोर कोरं खातं उघडणार.

याच्या उलट प्रकार तर त्याहून घातक. एकाच वॉर्डात दोन पाटील, दोन जाधव, नावंही सारखी. नावाने शोधलं आणि यादीतल्या पहिल्या ओळीवर बोट पडलं, की लेबल दुसरीच्या नावाचं छापलं जातं. म्हणून पेशंट नावावरून उघडताच येऊ नये, मनगटावरच्या पट्टीचा बारकोड स्कॅन करूनच उघडावा, आणि लेबल कॉटशेजारीच छापलं जावं. चांगल्या व्यवस्थेत स्कॅनर हाच तो 'दुसरा माणूस' होतो आणि तो रात्री दमत नाही. १४ आकडी आभा नंबर आला त्याने दोन खाती जोडायला मदत होऊ शकते, पण तो काउंटरवर मागितला गेला तर.

हे मी नुसतं सॉफ्टवेअरचं कौतुक म्हणून सांगत नाहीये. सॉफ्टवेअर नवीन चुकाही आणतं. मोबाइलवर यादीतून ब्लड ग्रुप निवडताना ओ पॉझिटिव्ह आणि ओ निगेटिव्ह एकाखाली एक असतात, बोट जाड असतं. दर वेळी सावधानतेचा लाल चौकोन उघडायला लागला की लोक न वाचता 'ओके' दाबतात, जसं आपण अ‍ॅपच्या अटी वाचतो तसंच. 'इमर्जन्सी' नावाचं बटण असेल तर ते खऱ्या इमर्जन्सीला किती वेळा दाबलं आणि क्रॉसमॅचची वाट बघायचा कंटाळा म्हणून किती वेळा, हे फक्त लॉग बघून कळतं. तो लॉग दर मीटिंगला कोणीतरी काढून टेबलावर ठेवायला हवा. हे काम कॉम्प्युटर विभागाचं. निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा, आम्ही फक्त "इथे लोक तीन सेकंदांत पुढे जातायत, म्हणजे वाचत नाहीयेत" एवढं सांगायचं.

नीट वापरली तर स्क्रीन किती उपयोगी पडते, त्याचं उदाहरण अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड हॉस्पिटलचं आहे. तिथे २०१० मध्ये डॉक्टर रक्ताची ऑर्डर टाकताना पेशंटचं ताजं हिमोग्लोबिन समोर यायला लागलं, आणि ते ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर कारण विचारलं जाऊ लागलं. कोणाला अडवलं नाही, फक्त विचारलं. पुढच्या काही वर्षांत तिथला लाल पेशींचा वापर साधारण पाव हिश्श्याने उतरला. पण तो प्रश्न कोणत्या आकड्याला विचारायचा, कोणाला विचारायचा नाही, हे प्रोग्रामरने एकट्याने ठरवलं असतं तर आठवड्यात डॉक्टरांनी तो बंद करायला लावला असता.

पेशंटच्या बाजूने कोण

या मुद्द्यावर मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त भुवया उंचावतात. आतल्या चुका बाहेरच्या माणसासमोर कशा बोलायच्या, ही भीती खरी आहे. एखाद्या विशिष्ट घटनेची चौकशी चालू असताना बाहेरचं कोणी नको, हे मीही मान्य करेन. पण धोरण ठरताना हवं. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. अशा मुलाच्या आईने दहा वर्षांत जितक्या पिशव्या लागताना बघितल्या असतील, तितक्या एखाद्या इंटर्ननेही बघितलेल्या नसतात. महाराष्ट्रात थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलियाच्या पेशंटना ओळखपत्रावर रक्त मोफत मिळतं. ते प्रत्यक्षात काउंटरवर कसं मिळतं, "आधी बदली रक्तदाता आणा" असं कोण आणि कधी म्हणतं, हे ती आई सांगेल. रक्तदान शिबिरं घेणारे समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांनाही बोलवावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजं बंद होऊन साठा खाली येतो हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

आणि प्रशासनाचा माणूस. तो बहुतेक वेळा असतोच, पण सही करू शकणारा हवा. "मॅनेजमेंटला कळवतो" म्हणणारा आला की पुढच्या तिमाहीत तोच विषय, तीच चर्चा. बारकोड प्रिंटर घ्यायचा तर पैसे मंजूर करणारं कोणीतरी खोलीत हवं.

एकूण पंधराएक माणसं झाली. तीन महिन्यांतून एकदा ती सगळी जमली तरी खूप. म्हणून ब्रिटनमध्ये कमिटीच्या खाली एक छोटी टीम असते: एक डॉक्टर, एक ब्लड सेंटरचा माणूस, आणि याच कामासाठी नेमलेली एक नर्स. रोजचं काम ही टीम करते, कमिटी तिच्याकडून हिशेब घेते. आपल्या हॉस्पिटलांत ही पूर्ण वेळ नर्स मिळणं कठीण आहे, मला माहीत आहे. पण एकाच खुर्चीसाठी भांडायचं ठरलं तर मी त्या नर्ससाठी भांडेन.

आणि जिथे कमिटीच नाही

आतापर्यंत मी मोठ्या हॉस्पिटलांचं बोलले. तालुक्याच्या गावातल्या पंधरा-वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये ना ब्लड सेंटर असतं, ना कमिटी. तिथे चिठ्ठी आणि नमुना घेऊन नातेवाईक धावतो. कधी तो नातेवाईक तुम्हीच असता. बाइकवरून, बर्फाच्या डब्यात पिशवी, ट्रॅफिक, वाटेत पेट्रोल भरायचं. वर मोजले त्या हातांत आता आपला हातही आला, आणि आपल्याला कोणी काहीच शिकवलेलं नसतं.

या जागी कमिटी कोणाची? मला सुचतं ते असं: जे ब्लड सेंटर आजूबाजूच्या वीस-पंचवीस नर्सिंग होमना रक्त देतं, त्याने आपल्याच कमिटीत त्यातल्या एक-दोन डॉक्टरांना आणि एका सिस्टरला जागा द्यावी. पिशवी आपल्या दारातून गेली म्हणून आपली जबाबदारी संपली, असं म्हणता येत नाही, कारण रिअ‍ॅक्शन आली तर ती कळायला हवी पहिल्यांदा ब्लड सेंटरलाच. देशात डिसेंबर २०१२ पासून हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे, नोएडाची राष्ट्रीय जैविक संस्था तो सांभाळते आणि रिअ‍ॅक्शनच्या नोंदी तिथे ऑनलाइन जातात. पण नर्सिंग होममधून ब्लड सेंटरला काही कळलंच नाही, तर वर काय जाणार?

तोपर्यंत, पिशवी आणायची वेळ तुमच्यावर आली तर एवढं करा. निघण्याआधी फोनवर ई-रक्तकोष उघडून जवळ कुठे साठा दिसतो ते बघा आणि फोन करून खात्री करा, म्हणजे तीन ठिकाणी फिरावं लागणार नाही. चिठ्ठीवरचं नाव आणि ट्यूबवरचं नाव काउंटरवर देण्याआधी अक्षर-अक्षर जुळवा. माहेर-सासरचा घोळ असेल तर तिथेच सांगा. पिशवी घेतल्यावर कुठेही न थांबता परत या, आणि ती नर्सिंग होमच्या घरगुती फ्रिजमध्ये, आइस्क्रीमच्या शेजारी ठेवू देऊ नका. लावताना सिस्टरने "तुम्ही अमुक ना?" विचारलं तर नुसती मान हलवण्यापेक्षा पेशंटला स्वतःचं पूर्ण नाव बोलायला सांगा. पहिली १५ मिनिटं तुम्हीही बाहेर चहाला जाऊ नका. थंडी वाजली, पाठ दुखली, दम लागला, अंगावर पित्त उठलं तर लगेच सिस्टरला हाक मारा.

पिशवीसोबत बहुतेक वेळा एक छापील फॉर्म येतो: रक्त किती वाजता सुरू केलं, कधी संपलं, काही त्रास झाला का. बऱ्याचदा तो पिशवीबरोबर कचऱ्यात जातो. तो मागून घ्या, डॉक्टरांकडून भरून घ्या, आणि ब्लड सेंटरच्या काउंटरवर परत नेऊन द्या. काही त्रास झाला नसला तरी.